धातूला उडवायचं कसं? (ऑक्साइडच्या पातळ थरांचा प्रिकर्सर आणि माझं रडगाणं)

गोदाकाठची | ९ जुलै, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज कामाचं रडगाणं घेऊन आलेय. जाणकारांनी हात द्या, बाकीच्यांनी निदान सांत्वन करा.

मी संभाजीनगरात रसायनशास्त्रात पीएचडी करतेय. काचेवर टायटेनियम डायऑक्साइडचा थर वाफेतून बसवायचा आणि त्यासाठी नवा प्रिकर्सर, म्हणजे ज्याच्यापासून थर बनतो तो कच्चा माल, बनवायचा, हा विषय. थर शंभर नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे केसाच्या जाडीपुढं काहीच नाही. टायटेनियम धातू उकळायला ३२८७ अंश लागतात, तेव्हा तो तसाच उडवणं आपल्या बापजन्मी होणार नाही. म्हणून त्याच्याभोवती सेंद्रिय रेणू गुंडाळायचे. ते लिगंड. मग अख्खा रेणू दीडशेच्या आतबाहेर वाफ होतो, नायट्रोजनबरोबर नळीतून पुढं जातो, तापलेल्या काचेवर लिगंड सुटतात आणि ऑक्साइड मागं राहतं.

बाजारात टायटेनियम आयसोप्रोपॉक्साइड मिळतं, सगळं जग तेच वापरतं. पण आपल्याकडच्या जुलैत त्याची बाटली उघडली की हवेतल्या पाण्यानं तोंडाशी पांढरी साय धरते. म्हणून मी त्यातले दोन आयसोप्रोपॉक्साइड काढून तिथं दोन केटोइमिनेट बसवले. लिगंड घरचाच: ॲसिटिलॲसिटोन आणि मेथॉक्सीइथिलअमाइन एकत्र उकळायचे, निघणारं पाणी बाजूला काढत राहायचं. माल फिका पिवळा, मेणासारखा.

टीजीए केली, म्हणजे माल तापवत त्याचं वजन कसं घटतं ते बघितलं. एकच पायरी, सुबक घसरगुंडी, शेवटी उरलं ५ टक्के. सगळं जागीच मोडून ऑक्साइड झालं असतं तर १७ टक्क्यांच्या आसपास उरायला हवं होतं. म्हणजे बहुतेक माल मोडायच्या आत उडाला. सरांनी पेढे मागितले. मी दिले.

पहिल्या दिवशी काचेवर निळा-जांभळा थर, बघत राहावं असा. दुसऱ्या दिवशी तेच तापमान, तोच गॅसचा वेग, तेवढाच वेळ, पण रंग सोनेरी. म्हणजे थर पातळ झाला. चौथ्या दिवशी काच जवळजवळ कोरी. बबलर (माल तापवून त्यातून नायट्रोजन सोडतो ते भांडं) उघडला तर अर्ध्याच्या वर माल तसाच, फक्त रंग चहासारखा. सरांचं म्हणणं, रेणूच टिकाऊ नाही, नवा लिगंड बघ. दीड वर्ष गेलंय हो यात.

खामनदी | ९ जुलै, रात्री ११:३२

सांत्वन हजर आहे. पेढे परत मागता येतात का बघा.

एक अडाणी प्रश्न. रेणू तापवल्यावर उडला पाहिजे आणि तापवल्यावरच मोडला पाहिजे. मग त्याला कसं कळायचं, कधी काय करायचं ते?

लातूरचा बंड्या | ९ जुलै, रात्री ११:५८

खामनदी, प्रश्न अडाणी नाही, सगळा धंदा ह्याच प्रश्नावर चालतो. नवरदेव घोड्यावर बसून येतो. वाटेत घोड्यानं पाडलं नाही पाहिजे. मांडवाच्या दारात नवरदेव उतरला की घोडा मागं फिरला पाहिजे. घोडाच मांडवात शिरला तर त्याला आम्ही थरातला कार्बन म्हणतो.

उडायचं तापमान आणि मोडायचं तापमान ह्यांच्यात जेवढं अंतर, तेवढा रेणू कामाचा. अंतर कमी असलं की रोजची कटकट.

मी बाहेरदेशी चिपच्या कारखान्यात एएलडीवर (अणूंचे एकेक थर रचायची पद्धत) असतो. आमच्याकडं गरम करून मोडायचं नसतंच, दोन रसायनं आळीपाळीनं सोडायची. ट्रायमिथाइल ॲल्युमिनियमची वाफ सोडली की ती पृष्ठभागावरच्या ओएच गटांना चिकटते. ओएच संपले की थांबते, कितीही सोडा. मग नायट्रोजननं झाडून काढायचं, मग पाण्याची वाफ, परत झाडायचं. एका फेरीत साधारण एक अँगस्ट्रॉम ॲल्युमिनियम ऑक्साइड. शंभर फेऱ्या, दहा नॅनोमीटर. निघतो काय तर मिथेन, तो कशालाच चिकटत नाही. असा गुणी घोडा दुसरा नाही. फक्त हवा लागली की पेटतो, एवढंच.

बाकीच्यांचे नखरे बघा. टायटेनियम टेट्राक्लोराइड स्वस्त आणि दमदार, पण मागं हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं आणि ते पाइप खातं. हाफ्नियम क्लोराइड घन भुकटी, वाफेबरोबर कणच उडून येतात. इंटेलनं २००७ साली ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये हाफ्नियमचं ऑक्साइड आणलं, कारण आधीचा सिलिकाचा थर १.२ नॅनोमीटरवर आला होता आणि वीज त्यातून गळत होती. तेव्हापासून हाफ्नियम-झिर्कोनियमच्या अमाइड जातीच्या द्रव प्रिकर्सरांना भाव आला. ती अमाइडं तीनशे अंशांच्या पुढं स्वतःच मोडायला लागतात, म्हणून झिर्कोनियमला एका बाजूनं सायक्लोपेंटाडाईनिलची टोपी घातली. टोपीवाला जास्त ऊन सोसतो.

चिकलठाण्याचा केमिस्ट | १० जुलै, सकाळी ६:४५

ताई, टीजीएवर भाळू नका. टीजीए म्हणजे चहापोह्यांचा कार्यक्रम, पाऊण तासात उरकतो. बबलर म्हणजे संसार. टीजीएत दहा मिलिग्रॅम माल उघड्या तव्यात असतो, मिनिटाला दहा अंशांनी तापतो. मोडायला वेळच मिळत नाही, त्याआधी उडून जातो. तोच माल दहा ग्रॅम एका भांड्यात आठ-आठ तास शिजत बसला की खरे गुण दिसतात.

दोन कामं करा. ज्या तापमानाला बबलर ठेवता त्याच तापमानाला टीजीए दोन-तीन तास धरून ठेवा. वजन सरळ रेषेत घटत गेलं तर माल उडतोय. रेष वाकून आडवी व्हायला लागली आणि तव्यात माल शिल्लक असेल, तर तो मोडतोय नाहीतर एकमेकांत जुडतोय. दुसरं, थोडा माल नायट्रोजनमध्ये काचेच्या ॲम्प्यूलमध्ये सील करून आठवडाभर ओव्हनमध्ये ठेवा आणि आधीचा-नंतरचा एनएमआर (रेणूची ओळख पटवणारा आलेख) काढा. ॲम्प्यूल पाव भरा, जास्त नको, आणि ओव्हनचं दार उघडताना तोंड समोर आणू नका. आत गॅस झाला असेल तर फुटते. माझ्या कपाळावर खूण आहे.

‘जुडतोय’ का म्हणालो ते सांगतो. आम्ही अल्कॉक्साइड बनवतो. ॲल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड ताजं डिस्टिल करून काढलं की वाहतं, तेव्हा त्यात तीन-तीन रेणू हातात हात घालून असतात. ठेवून दिलं की सावकाश चार-चारचे कळप होतात आणि घट्ट पांढरा गोळा बनतो. शुद्धता तीच, ॲनालिसिस तेच, पण वाफेचा दाब वेगळा. नवीन असताना मी ड्रम बदलला म्हणून एका पोराला शिव्या घातल्या होत्या. ड्रम तोच होता.

सोलापूरवेस | १० जुलै, सकाळी ९:२०

मला एक सांगा, मराठवाड्यात प्यायला पाणी टँकरनं येतं आणि तुम्ही लोक नॅनोमीटर मोजत बसलाय. ह्याचा शेतकऱ्याला काय उपयोग?

लातूरचा बंड्या | १० जुलै, दुपारी १२:०५

भाऊ, आमच्या तात्यांच्या बोअरवर सोलर पंप आहे. त्यावरचं पॅनल पर्क जातीचं आहे. पर्क सेलच्या पाठीला काही नॅनोमीटर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर असतो, तो वर लिहिलेल्या त्याच पेटणाऱ्या रसायनापासून बनतो. त्यानं सेलच्या पाठीमागं वाया जाणारे इलेक्ट्रॉन वाचतात. २००१ पासून बाजारात आपोआप स्वच्छ होणारी खिडकीची काच मिळते, तिच्यावर १५ नॅनोमीटर टायटेनियम डायऑक्साइड असतं, ताईंच्याच विषयातलं. टँकरचा प्रश्न वेगळा धागा काढून मांडा, तिथं मीपण शिव्या द्यायला येतो.

जुना मास्तर | १० जुलै, दुपारी ४:१५

मंडळी सगळी लग्नातच का घुसली आहेत कळेना. मी थंडीतलं सांगतो.

मुली, तू टायटेनियम निवडलंस ही सुदैवाची गोष्ट. आमच्या उमेदीत, १९८७ नंतर, सगळे इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या अतिवाहकाच्या (विजेला अडथळा न करणाऱ्या पदार्थाच्या) मागं लागले होते. त्यातला बेरियम म्हणजे डोक्याला ताप. आयन थोरला आणि त्यावर भार फक्त दोन, म्हणून लिगंड मिळणार दोनच. दोन चादरीत एवढा मोठा माणूस झाकत नाही. मग काय करतात? परभणीला डिसेंबरात चार भावंडं एकमेकांची पांघरुणं ओढून एकत्र झोपतात ना, तसे चार बेरियम आठ लिगंड वाटून घेऊन गाठोडं करतात. असं गाठोडं दोनशे अंशांच्या वर तापवलं तरी रडतखडत उडतं, आणि तिथं ते टिकतही नाही.

उपाय दोन निघाले. एक, लिगंडवर फ्लोरिन लावा. फ्लोरिनवाले रेणू एकमेकांना फारसे धरत नाहीत, त्यामुळं लवकर उडतात. पण थरात ऑक्साइडऐवजी बेरियम फ्लोराइड बसतं, मग ते वाफ सोडून धुवायचं आणि हायड्रोजन फ्लोराइड नाकाशी घ्यायचं. दुसरा, उघड्या राहिलेल्या जागेत टेट्राग्लाइमसारखा लांब इथर कमरपट्ट्यासारखा गुंडाळा, म्हणजे शेजाऱ्याची चादर ओढायची गरज राहत नाही. तुझ्या लिगंडच्या शेपटीला जो मेथॉक्सी गट आहे त्याचं घराणं हेच.

टायटेनियमचा आयन लहान आणि भार चार. दोन केटोइमिनेट नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या चार हातांनी धरतात, वर दोन आयसोप्रोपॉक्साइड. सहा जागा भरल्या. असा रेणू सहजासहजी दुसऱ्याशी जुडायचा नाही. तेव्हा केमिस्टसाहेबांची शंका रास्त असली तरी मला दोष भांड्याबाहेर दिसतो. नळी पाहिलीस का?

निकेलची गोष्ट आठवते. मोंडसाहेबांच्या सोड्याच्या कारखान्यात निकेलचे व्हॉल्व्ह गळायला लागले. शोध घेतला तेव्हा कळलं की कार्बन मोनॉक्साइड निकेलला वाफ करून नेतोय. १८९० साली त्यांनी निकेल कार्बोनिल जाहीर केलं, त्यातून निकेल शुद्ध करायचा कारखाना उभा राहिला. ते कार्बोनिल ४३ अंशांना उकळतं. आपल्याकडं मे महिन्यात सावलीत ठेवलं तरी उकळेल, आणि हुंगणारा वाचायचा नाही. सांगायचा मुद्दा, व्हॉल्व्ह आधी बघावा.

हिंगोलीकर | १० जुलै, संध्याकाळी ७:४०

काय करायलाव सगळे, लै भारी चाललंय. आमच्या औंढ्याजवळ लायगो (गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा) होणार, त्याच्या आरशावर पण ऑक्साइडचेच थर असतात म्हणे. तिथं ताईचा माल चालंल का?

लातूरचा बंड्या | १० जुलै, रात्री १०:३०

थर ऑक्साइडचेच, पण प्रिकर्सर नाही. अमेरिकेतल्या लायगोच्या ४० किलोच्या आरशांवर सिलिका आणि टायटेनियम मिसळलेलं टँटलम ऑक्साइड, असे आळीपाळीनं थर आहेत. ते आयनांचा मारा करून टार्गेटवरून उडवतात. लिगंडच नाही, म्हणून कार्बन राहायची भानगड नाही. चार किलोमीटर लांब बाहूत लेझर मागंपुढं फिरतो, थरानं दहा लाखातला एक भाग प्रकाश गिळला तरी तो डोळ्यावर येतो. तिथं घोड्यावरून वरात न्यायची नाही, नवरदेव थेट हेलिकॉप्टरनं. टँटलमचा प्रिकर्सरसुद्धा आहे, इथॉक्साइड. २१ अंशांना वितळतो, हिवाळ्यात बाटलीत दगड.

बिडकीनची पोरं | ११ जुलै, सकाळी १०:१०

एवढा व्याप कशाला? आम्ही एमएस्सीला झिंक ऑक्साइड स्प्रेनं करतो. झिंक ॲसिटेट डायहायड्रेट २.१९ ग्रॅम, शंभर मिली मिथेनॉल आणि पाणी, चार थेंब ॲसिटिक ॲसिड म्हणजे द्रावण गढुळत नाही. हॉटप्लेट ४०० अंशांला, वरून फवारा. झाला थर. रेणू उडो न उडो, विरघळला की बास.

चिकलठाण्याचा केमिस्ट | ११ जुलै, दुपारी १:३०

पोरांनो, स्प्रे मस्त आहे, काचकारखानेही वापरतात. पण झिंक ॲसिटेट तुम्हाला वाटतं तेवढं भोळं नाही. त्याची टीजीए काढा. हिशेबानं ३७ टक्के झिंक ऑक्साइड उरायला हवं, उरतं त्याहून कमी. कारण तापताना त्याचं बेसिक झिंक ॲसिटेट होतं, चार झिंकच्या मधोमध एक ऑक्सिजन, आणि ते चक्क उडून जातं. तुमच्या फवाऱ्यातलं थोडं झिंक हुडच्या (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) छताला आहे. बोट फिरवून बघा, पांढरं लागेल.

आणि कुणी स्पिन कोटिंगसाठी मेथॉक्सीइथेनॉल वापरत असेल तर हुडबाहेर बाटली उघडू नका. प्रजननावर वाईट परिणाम करणारं द्रावक आहे, हातमोज्यातूनही जातं. पेपरात पद्धत लिहितात, हे लिहीत नाहीत.

बिडकीनची पोरं | ११ जुलै, दुपारी २:०२

बोट फिरवलं. लागलं. 😐

चिकलठाण्याचा केमिस्ट | ११ जुलै, दुपारी २:४०

गोदाकाठच्या ताई कुठं गेल्या? नायट्रोजन कोरडा करायला काय लावलंय ते सांगा. सीव्ह (पाणी शोषणारे खडे) शेवटच्या कधी भाजल्या?

गोदाकाठची | १९ जुलै, रात्री ९:५०

माफी असावी, आठ दिवस लॅबमध्येच होते. क्रमानं सांगते.

मास्तरांचं ऐकून आधी नळी उघडली. बबलरच्या पुढं व्हॉल्व्ह आहे आणि त्याला लागून एल्बो, म्हणजे नळीचं वळण. सगळ्या नळीवर हिटिंग टेप गुंडाळलीय, पण व्हॉल्व्हच्या दांड्यामुळं एल्बोपाशी बोटभर जागा उघडी राहते. रोज दिसत होती, मनात कधी आलं नाही. एल्बो सोडवून उजेडात धरला तर आतून पिवळ्या मेणाचा थर, मधे काडी जाईल एवढंच भोक. दीड वर्षाचा माझा रेणू कोपऱ्यात दडून बसला होता.

तिथं थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावला. बबलर १३० अंशांला, नळी १४५ला आणि एल्बो ९६. बरं, हे लाईट असताना. रजिस्टर काढून बघितलं तर त्या चार दिवसांत लाईट पाच वेळा गेली होती. मी समजत होते, गेली तर सगळंच थंड होतं, आली की सगळंच तापतं, हिशेब सारखा. परवा मुद्दाम स्विच बंद करून घड्याळ लावलं. वीस मिनिटांत नळी ५० अंशांवर आली आणि बबलरचं ऑइल बाथ अजून ११०वर. म्हणजे भांडं वाफ सोडतंय आणि नळी ती गोठवतेय.

आता चहाचा रंग. एनएमआरचा नंबर काल लागला. नव्वद टक्क्यांच्या वर माल शाबूत आहे. पण ११ पीपीएमच्या जवळ एक छोटा टेकाडासारखा पीक. तो मोकळ्या केटोइमिनचा एनएच. माझ्या स्वतःच्या लिगंडचा पीक, रोज बघते, झोपेतही ओळखेन. लिगंडला हायड्रोजन मिळाला म्हणजे पाणी कुठून तरी आत आलं. केमिस्टदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लाज वाटते. सीव्ह जानेवारीत भाजल्या होत्या. मागच्या नळकांड्यातली निळी सिलिका जेल गुलाबी होऊन कधीची बसलीय. समोरून दिसत नाही, मागं वाकून बघावं लागतं.

सरांना एल्बो नेऊन दाखवला. त्यांनी आत बोट घालून बघितलं आणि म्हणाले, पेढे पचले म्हणायचे.

जुना मास्तर | १९ जुलै, रात्री १०:२०

शाब्बास. एल्बो धुऊ नकोस. तसाच जपून ठेव, व्हायव्हाला घेऊन जा.

चिकलठाण्याचा केमिस्ट | २० जुलै, सकाळी ७:००

लाजू नका ताई, आमच्याकडं पगारी माणूस ठेवलाय त्यासाठी, तरी जेल गुलाबी होते. पण ॲम्प्यूल टाळू नका. एल्बोचा दोष सापडला म्हणून रेणू निर्दोष ठरत नाही. लाईट गेली की आधी बबलरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, बायपासनं नायट्रोजन चालू. आणि नळीची टेप इन्व्हर्टरवर घ्या, बबलरची नाही. भांडं थंड झालं तर झालं, नळी थंड होता कामा नये.

गोदाकाठची | २४ जुलै, रात्री ८:१५

ॲम्प्यूल १३० अंशांला ठेवून आज पाचवा दिवस. रंग अजून फिका पिवळाच. एल्बोवर वेगळी छोटी टेप शिवून घेतली, बाजारातल्या काचधाग्याच्या पट्टीनं. काल आणि आज, दोन्ही काचा निळ्या. अजून दोन दिवस बघून मग बोलेन.

सध्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कमी आहे म्हणून लाल दिवा लागलाय, ते बघायला चाललेय.

खामनदी | २४ जुलै, रात्री ८:१९

डिस्टिल्ड घाला. नळाचं नको.